काळ्या पाठीची सीडी

माझा धाकटा भाऊ भोपाळला इंजिनियरिंगच्या हॉस्टेलमध्ये होता तेव्हा एका दुपारी त्याचा फोन आला. स्वारी भलतीच तापलेली होती. कुण्या सीनियरकडून त्यानं कन्सोलची एक जुनी गेम घेतली होती. डब्यात एक कोड असतो, तो सीनियरनं आधीच वापरून टाकला होता आणि तो म्हणे एकदाच चालतो. त्यामुळे गेम सुरू तर व्हायची, पण ज्या भागासाठी घेतली नेमका तोच भाग कुलूपबंद. "सेकंड हँड पुस्तक घेतलं तर अर्धी पानं कोरी निघतात काय?" तो म्हणाला. मी हसले. मग तोच थोडा थंडावला आणि म्हणाला, "आपल्याले तर लहानपणापासून असेच भेटले. आठवते काय, चपरासी काकांची ती नकली सीडी?"

मी "हौ" म्हणाले, तब्येतीला जप म्हणाले आणि फोन ठेवला.

ती सीडी नकली नव्हती. आमच्या घरात त्या वेळी एकच खरी सीडी आली होती आणि ती तीच होती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पडद्यावर जे लिहिलेलं होतं ते मी सगळ्यांसमोर खोटं वाचून दाखवलं. भाऊ आजही ते खरं मानून चालतो, म्हणून हे लिहायला बसले आहे. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही ती कागदावर होते का बघू.

आमचं घर बालाघाटचं. आजोबा नोकरीपायी इकडे आले ते इथलेच झाले. बाबा सिंचाई विभागाच्या ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. ऑफिसचं सगळं काम हिंदीत, घरात मराठी, रस्त्यावर दोन्हींची खिचडी, आणि मी मात्र इंग्रजी शाळेत. बाबांना इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. बोट ठेवून, ओठ हलवत ते वाचू शकायचे. पण घरात इंग्रजी वाचायचं काम माझं, असं त्यांनी मी पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. कुकरचा कागद, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, विम्याचं पत्र, काहीही आलं की माझ्या हातात. पाहुणे बसलेले असले तर हमखास. "वाच बेटा, काय लिहून आहे?" मी आधी इंग्रजीत धडाधड वाचायची आणि मग मराठीत अर्थ सांगायची. बाबा पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत असायचे. माझ्या फीचं चीज होताना त्यांना बघायचं असे, आणि मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

शेजारपाजारचे लोकही कागद घेऊन येऊ लागले. मी वाचलं की ते ब्रह्मवाक्य. मला कुणी कधी उलट विचारलं नाही, कारण विचारण्याइतकं इंग्रजी त्या गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

बाबांविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवाळीत ठेकेदारांकडून मिठाईचे डबे यायचे, ते फाटकातूनच परत जायचे. मी आणि भाऊ खिडकीतून बघत असायचो. काजूकतलीचा डबा लांबूनच ओळखू यायचा. आई एकदा म्हणाली, "अहो, एक डबा ठेवला तर काय बिघडते?" बाबा म्हणाले, "माझं काही बिघडत नाही. लेकरांले चव लागते." त्यानंतर आईनं विषय काढला नाही. ऑफिसात लोक पाठीमागे त्यांना हसायचे, पण भांडण मिटवायचं झालं की त्यांच्याकडेच यायचे.

दोन हजार सालाच्या मागेपुढे, मी अकरावीत जाणार त्या उन्हाळ्यात, आमच्या घरी टीव्हीवर खेळायचं मशीन आलं. दहावीत मी चांगले मार्क आणले म्हणून बाबांनी शब्द दिला होता. मला घड्याळ हवं असेल असं त्यांना वाटलं होतं. मी मशीन मागितलं. छोट्या लाइनीच्या, नॅरोगेज गाडीनं आम्ही गोंदियाला आणि तिथून नागपूरला गेलो. दुकानदार बोलघेवडा होता. बाबा भावाला उसाचा रस पाजायला खाली उतरले तेवढ्यात त्यानं मशीनचं झाकण उघडून मला आतली चिप दाखवली. नखाएवढी होती, चार-पाच बारीक वायरींना डाग देऊन बसवलेली. "ये लगा दी तो मशीन को पता ही नहीं चलता, सीडी असली है कि नकली," तो म्हणाला. बिनचिपचं मशीनही होतं त्याच्याकडे. पण त्यात फक्त खऱ्या सीडी चालणार, आणि खरी सीडी एक घ्यायची तर बाबा दुकानातून उठून गेले असते. मी चिपवालं सांगितलं.

बाबा वर आले. डब्याकडे बघून त्यांनी पहिलंच विचारलं, "सील काहून फुटलेलं आहे?"

"चेक करून दिलं बाबा," मी म्हणाले.

"काही गडबड तर नाही ना?" हे त्यांनी दुकानदाराला नाही, मला विचारलं.

"नाही बाबा. सगळे असंच घेतात."

बाबांनी मान हलवली. ठेकेदाराची काजूकतली फाटकातून परत पाठवणारा माणूस, पण पोरगी म्हणाली म्हणजे झालं. ते डबा मांडीवर घेऊन गोंदियापर्यंत आले.

आमच्याकडे मग सीडींचा ढीग झाला. सगळ्या कॉपी केलेल्या. गोंदियाच्या एका दुकानातून यायच्या, पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, वर स्केचपेननं गेमचं नाव लिहिलेलं, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. पाठ चांदीसारखी, उन्हात धरली की हिरवट निळी. आई त्या शोकेसमध्ये पुसून ठेवायची. सीडी अशाच असतात असं बाबांना वाटायचं आणि आमच्या गावात त्या अशाच असायच्या. भाऊ दिवसभर गाड्या पळवायचा, मी अभ्यासाच्या नावाखाली त्याच्याकडून रिमोट हिसकावून घ्यायची. लाइट गेली की दोघंही वीज मंडळाला शिव्या द्यायचो.

बाबांच्या ऑफिसातले चपरासी, त्यांना आम्ही काका म्हणायचो, राजेगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून बसनं यायचे. घरी थोडी धानाची शेती होती. बाबा तापानं पडले की डाक घेऊन ते घरी यायचे, आणि नवीन धान निघालं की पोहे आणायचे. पोहे मात्र बाबा परत पाठवत नसत. काका जमिनीवरच बसायचे. बाबा म्हणायचे, "अहो, खुर्ची आहे ना." काका म्हणायचे, "हौ बाबूजी," आणि जमिनीवरच बसायचे.

त्यांचा साळा आखाती देशात वेल्डिंगचं काम करायचा. त्याचे इंग्रजी कागद काका माझ्याकडे आणायचे. मी वाचायची, ते ऐकायचे, आणि शेवटी कागद चौकोनी घडी करून खिशात ठेवताना म्हणायचे, "माही पोरगी तुह्यासारखी इंग्लिश वाचली पाहिजे बाई. मंग मले कोनाच्या दारात जा लागत नाही." मला ते बोलणं म्हणजे बक्षीसच वाटायचं.

त्या वर्षी पोळ्याला साळा सुट्टीवर आला. येताना त्यानं आपल्या लेकरांसाठी आमच्यासारखंच मशीन आणलं होतं. गावातल्या कमी-जास्त होणाऱ्या लाइटीनं ते चौथ्या दिवशी जळलं. राहिल्या तीन सीडी. काकांनी त्यातली एक मागून घेतली. आमच्याकडे मशीन आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांच्या डोक्यात एक अदलाबदल होती. त्यांची मुलगी दहावीत होती, गावच्या सरकारी शाळेत, बाकी सगळ्या विषयांत हुशार, इंग्रजीत घाबरायची. माझ्याकडे एक जाडजूड इंग्रजी-हिंदी डिक्शनरी होती, शाळेत बक्षीस मिळालेली, आत माझ्या नावाची चिठ्ठी डकवलेली. मला ती आता लागत नव्हती. काकांनी बाबांना विचारलं, बाबांनी मला विचारलं, मी लगेच हो म्हणाले. डिक्शनरी मी आधीच, शनिवारी ऑफिसात पाठवून दिली. सीडी घेऊन काका रविवारी येणार होते.

रविवारी दुपारी ते आले, सोबत मुलगी. दोन वेण्या, शाळेचाच पांढरा दुपट्टा. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आईनं दोनदा बस म्हटलं तेव्हा वडिलांच्या बाजूला येऊन बसली. काकांनी पिशवीतून रुमालात बांधलेला डबा काढला. कडक प्लास्टिकचा, वर रंगीत छापलेलं चित्र, आत छोटं पुस्तक. भावानं डबा उघडला, सीडी उलटी केली आणि म्हणाला, "अरे, ही तर काळी आहे."

पाठ खरंच काळी होती. आमच्या ढिगात तशी एकही नव्हती. बाबांनी हातात घेऊन उन्हाकडे धरली. "काळी कशी? जळली-बिळली तर नाही ना?"

"नाही बाबूजी," काका म्हणाले. "साळा म्हने असलीच अशी ऱ्हायते."

भावानं ती मशीनमध्ये घातली. सगळे टीव्हीकडे बघत होते. काका बसल्या जागी थोडे पुढे सरकले होते, त्यांनी आणलेली वस्तू पहिल्यांदाच चालू होणार होती. पडदा काळा झाला. मग गाड्यांच्या जागी एक लाल गोल आला, आडवी रेघ मारलेला, आणि खाली इंग्रजीत दोन ओळी.

बाबांनी चष्मा लावलेला नव्हता. "काय लिहून आहे बेटा? वाच."

मी वाचलं. आधी मनात. या यंत्रात फेरफार केलेला असावा, म्हणून खेळ बंद करत आहोत, असं लिहिलं होतं. सीडीविषयी एक अक्षर नव्हतं. खऱ्या सीडीनं आमच्या मशीनच्या पोटातली चिप ओळखली होती. दुकानदारानं सांगितलं होतं, मशीनला पत्ता लागत नाही. सीडीला लागतो हे त्यानं सांगितलं नव्हतं.

हे सगळं मला दोन-तीन क्षणांत कळलं. इतकी मोठी झाल्यावर मी आता म्हणू शकते की लहान होते, गोंधळले. पण मी गोंधळले नव्हते. माझं डोकं चांगलं चाललं होतं. खरं वाचलं तर बाबा विचारतील, कसला फेरफार? मग चिप, मग फुटलेलं सील, मग "सगळे असंच घेतात". मग शोकेसमधला सगळा ढीग. बाबा ओरडले नसते. त्यांनी मशीन डब्यात भरून माळ्यावर टाकलं असतं आणि यापुढे मला कुठलाही कागद वाचायला दिला नसता. मला मशीनचं तितकं नव्हतं. त्या कागदांचं होतं.

"लिहिलंय की सीडी नकली आहे," मी म्हणाले.

भाऊ म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? काळी आहे."

काकांचा चेहरा मी बघितला नाही. बाबा म्हणाले, "पुन्हा लाव एकदा. पुसून लाव." भावानं बनियनला पुसून लावली. पुन्हा तोच लाल गोल. आणि आता काकांची मुलगी उठून टीव्हीजवळ आली होती. अक्षरांवर बोट धरून ती हळूहळू लावत होती, "एम... ओ... डी... आय... एफ..." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "ताई, हा कोनता शब्द हाय?"

"नकली," मी म्हणाले आणि मशीनचं बटन बंद केलं.

ती परत जाऊन बसली. काका उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "बाबूजी, माफी करा. मले काही मालूम नोयतं. साळ्यानं सांगतलं असली हाय, म्या आनली. आपल्याले काय समजते त्यातलं."

"तुमची काही चूक नाही," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पण एक सांगतो, नकली वस्तू आपल्या घरात नको. माणसानं नसलं तर नाही म्हणावं."

त्यांच्या मागे शोकेसमध्ये आमच्या चांदीच्या पाठीच्या सीडी ओळीनं लावलेल्या होत्या, आईनं सकाळीच पुसलेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण म्हणीतल्या चोराला निदान निकाल वाचून दाखवायला लावत नाहीत.

आई चहा घेऊन आली. काका चहा न घेताच निघाले, बस आहे म्हणाले. त्या वेळेला राजेगावकडची बस नसते हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसातून आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली डिक्शनरी होती. "काही ऐकायलेच तयार नाही," ते आईला म्हणाले. "म्हने, आमची वस्तू खोटी निघाली तं तुमची कशी ठेवाव. स्वाभिमानी माणूस आहे." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. मी वर्तमानपत्र न सोडताच डिक्शनरी माळ्यावर ठेवून दिली.

काका त्यानंतरही डाक घेऊन यायचे, पण फाटकातूनच हाक मारायचे. आई आत बोलवायची, ते सायकलला हात लावूनच उभे राहायचे. सायकल त्यांची नसायची, ऑफिसची असायची, तिला धरून ठेवायची काही गरज नव्हती.

दिवाळी झाली. एक दिवस आई त्यांना म्हणाली, "काय हो, या वर्षी फराळाला आला नाहीत?" काका सहज बोलावं तसं बोलले. साळ्याला त्यांनी पोळ्यानंतर चार माणसांत विचारलं होतं, परदेशातून खोटा माल आणून आम्हाले बाबूजीसमोर खाली पाहायला काहून लावतं? साळा आधी हसला, मग चिडला. असली हाय म्हणजे असलीच हाय, म्हणाला. शब्दाला शब्द वाढला. तो सुट्टी अर्धी टाकून निघून गेला. त्याचा धाकटा भाऊ गावातच राहायचा, पण थोरल्याचा अपमान झाला म्हणून तोही भाऊबीजेला बहिणीकडे आला नाही. "घरची दिवसभर ताट करून बसली होती," काका म्हणाले. "आता काय सांगाव. तो कबूल करून राह्यला नाही आन् मी तरी कसा मागं हटू? पोरीनं सोता वाचून सांगतलं."

ती पोरगी म्हणजे मी. मी ओसरीतच उभी होते. तोंड उघडायची ती वेळ होती. मला शब्दही सुचले होते, "काका, माझं चुकलं होतं वाचताना," एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. चुकलं म्हणजे लबाडीही झाकली गेली असती. पण चुकलं म्हणायलाही मी तयार नव्हते. मी आत गेले आणि पुस्तक उघडून बसले. काय वाचलं ते आठवत नाही.

नंतर मला शाळेच्या निबंधासाठी एक शब्द हवा होता म्हणून मी माळ्यावरची डिक्शनरी काढली. वर्तमानपत्र सोडलं. शनिवार ते सोमवार, दोनच दिवस ती त्या घरात होती, पण तिला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं, कोपरे नीट दुमडून. कव्हर घालतात ते पुस्तक ठेवायचं असतं तेव्हा. मी पानं चाळली आणि एम अक्षरावर आले. "मॉडिफाय" या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. समोर हिंदीत अर्थ छापलेला होता, बदल करना, फेरफार करना. मग नकलीसाठी तिला शाळेतून माहीत असतील असे इंग्रजी शब्द मी शोधले, एफवर "फॉल्स", सीवर "कॉपी". तिथेही रेघा होत्या. तिनं दोन्हीकडून बघितलं होतं. पडद्यावरच्या शब्दाचा अर्थ नकली होत नाही, आणि नकलीचा शब्द पडद्यावर नव्हता. इंग्रजीत घाबरणाऱ्या त्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा डिक्शनरी वापरली असेल तर ती अशी वापरली.

तिला कळलं होतं. रविवारीच कळलं असणार, कारण सोमवारी डिक्शनरी परत आली. मग ती गप्प का राहिली? वडिलांना सांगितलं असतं तर मामाशी भांडण झालं नसतं, आईला दिवसभर ताट करून बसावं लागलं नसतं. पण कळून काका तरी काय करणार होते? बडे बाबूंच्या घरी येऊन तुमची मुलगी खोटारडी आहे म्हणून सांगणार होते? मी पुष्कळ दिवस स्वतःची अशी समजूत घातली की तिला नक्की खात्री नसेल. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला मात्र झोपही लागायची आणि भूकही. खवखव व्हायची ती फाटकात सायकलची घंटी वाजली की.

धानाची कापणी होऊन गेल्यावर एका रविवारी काका फाटक उघडून आत आले. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच. मुलगी सोबत होती. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन गोंदियाच्या दवाखान्यात झालं होतं आणि घरी सोडताना एक टाइप केलेला इंग्रजी कागद दिला होता. कोणतं औषध किती वेळा, काय टाळायचं, कधी परत यायचं. बाबा घरी नव्हते. काका जमिनीवर बसले आणि त्यांनी घडी उलगडून कागद माझ्यापुढे धरला. "वाच बाई. डोळ्याचं काम हाय, गलत नाही झालं पाहिजे."

मी म्हणाले, "काका, तिलाच वाचू द्या ना. येतं तिला."

"तिले काय येते," काका म्हणाले. "तू वाचशीन तेच खरं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखादा हिशेबी दुकानदार तराजूच्या काट्याकडे बघतो तशी ती बघत होती. मी कागद जमिनीवर ठेवला, तिघांनाही दिसेल असा, आणि बोट ठेवून वाचायला लागले, बाबा वाचायचे तसं. एकेक शब्द. इंग्रजीत आणि मग मराठीत. हे थेंब दिवसातून चार वेळा, हे दोन वेळा, दोन्हींमध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची. वाकायचं नाही. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. चुलीच्या धुरापासून दूर. कधी इतकं सावकाश वाचलं नव्हतं. माझं बोट ज्या शब्दावर जाई त्या शब्दावर तिची नजर माझ्याआधी पोहोचलेली असायची, आणि मी अर्थ सांगेपर्यंत ती थांबायची.

कागद संपला. काकांनी सवयीप्रमाणे माझ्याकडे नाही, का कोण जाणे, मुलीकडे बघितलं.

"बराबर वाचलं ताईनं," ती म्हणाली.

काका हसले. "ताईले तपासून राह्यली, पाह्य कशी," ते मला म्हणाले. "अवं, ताई कधी गलत वाचते काय?"

मी कागदाची चौकोनी घडी केली आणि तिच्या हातात दिली. डिक्शनरी आत टेबलावरच होती, तिनं घातलेल्या कव्हरासकट. घेऊन जा म्हणावं असं माझ्या मनात आलं, पण ती द्यायची तर कशाबद्दल हे सांगावं लागलं असतं. ती दोघं फाटकातून बाहेर पडली आणि काका जाताना फाटक नीट लावून गेले.

त्यानंतर त्यांनी कोणताच कागद आमच्याकडे आणला नाही. आईला वाटलं त्यांना अजून तो सीडीचा संकोच आहे. बाबा रिटायर झाले, काका त्यांच्या आधीच नोकरी सोडून शेतीवर गेले. मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. बाबा शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे की आमच्या पोरीनं कधी एक शब्द चुकीचा वाचला नाही.